पाठीवर सात किलो

कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला या गावच्या रिफायनरीत एखादा पंप कधी उघडायचा, कोणी उघडायचा, त्याचे बोल्ट कुठल्या ट्रेमध्ये ठेवायचे आणि कितव्या तासाला परत बसवायचे, हे मुक्ता वडनेरे ठरवते. दर काही वर्षांनी रिफायनरीचा एकेक भाग बंद करून उघडतात, साफ करतात, दुरुस्त करतात आणि पुन्हा सुरू करतात. या उद्योगाला शटडाउन म्हणतात, आणि त्याचं तासातासाचं वेळापत्रक करणं हा मुक्ताचा पेशा. मागच्या शटडाउनला तिच्या तक्त्यात चार हजार कामं होती. क्रेनवाले, वेल्डर, परांची बांधणारे, सगळे त्या तक्त्याकडे पाहून हलायचे. एका धिप्पाड फोरमनने तर तिला फोन करून विचारलं होतं, "मॅडम, जेवायला जाऊ ना?"

घरी, मंगफच्या फ्लॅटमध्ये मात्र ओला टॉवेल खुर्चीवर टाकायचा नाही, एवढं एक काम तिला नवऱ्याकडून, म्हणजे आलोककडून, एकवीस वर्षांत करून घेता आलेलं नव्हतं.

मुक्ता मूळची नाशिकरोडची. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या वर्गात तीन मुली होत्या, त्यातली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची ही. लग्न होऊन कुवेतला आली तेव्हा आलोक वेल्डिंग तपासायच्या नोकरीत होता. दोन वर्षं तिने घरात बसून आलोकलाच तपासलं, मग कंटाळून एका कंत्राटदाराच्या ऑफिसात टायपिंगचं काम धरलं. तिथे कोणाचंतरी वेळापत्रक टाइप करताना तिच्या लक्षात आलं की एकच क्रेन मंगळवारी दहा वाजता दोन ठिकाणी उभी आहे. तिने साहेबाला विचारलं, "ही क्रेन स्वतःला कापून घेणार आहे का?" तेव्हापासून ती प्लॅनर झाली, ती आजतागायत.

अशा बाईची स्वतःची सुट्टी कशी असेल? दर जुलैला नाशिक. विमानात माणशी तीस किलो सामान आणि वर सात किलो हातात, म्हणजे जाताना खजूर, चॉकलेटं, भाच्यांचे बूट, आणि येताना मसाले, पापड, लोणची. मधल्या दिवसांत दाताचा डॉक्टर, बँक, एक लग्न, दोन बारशी, सासूबाईंचा चष्मा. सुट्टी संपवून परत आली की ऑफिसातले लोक म्हणायचे, मॅडम दमलेल्या दिसताय. बरोबरच होतं. तो वर्षातला तिचा सगळ्यात मोठा शटडाउन असे.

ही कथा सुरू होते ती अदिबाने दाखवलेल्या एका फोटोपासून. अदिबा ही कुवेती बाई रिफायनरीत कामाचे परवाने देते, आणि दर हिवाळ्यात जॉर्जियातल्या डोंगरांत स्कीइंगला जाते. फोटोत ती एका लाकडी घरासमोर बाकावर बसली होती. हातात चहाचा पेला, भोवती बर्फ, आणि फोटोत दुसरं काहीही नाही.

"तुझं सामान कुठंय?" मुक्ताने विचारलं.

"हे काय." अदिबाने बाकाखालच्या एका छोट्या सॅककडे बोट दाखवलं. "या हटमधून त्या हटपर्यंत स्कीवरून जायचं. जे पाठीवर आहे तेवढंच सामान. जे पाठीवर नाही ते त्या दिवसांपुरतं जगातच नाही."

मुक्ता त्या फोटोकडे इतका वेळ बघत राहिली की अदिबाला वाटलं, हिला फोटोत काही धोका दिसला. पण तिच्या मनात भरलं होतं ते शेवटचं वाक्य. जे पाठीवर नाही ते जगातच नाही! हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी तिने अदिबाच्या ओळखीच्या गाइडला, लेवानला, मेसेज केला.

लेवानचं उत्तर आलं ते मुक्ताला अगदी आवडेल असं, आकड्यांत. फेब्रुवारीअखेरच्या राष्ट्रीय सुट्ट्यांत एक तारीख मोकळी आहे. दोन दिवस गावात उतारावर सराव, मग चढ, पहिल्या हटमध्ये रात्र, तिथून दुसऱ्या हटमध्ये रात्र, मग खाली. नवशिक्यांसाठी ठीक, आमच्याकडे साठीच्या बाया जातात. माणसं किमान चार, सगळी मोठी. प्रत्येकाची एकच सॅक, जास्तीत जास्त सात किलो. सॅक भरून, काट्याला लावून, आकडा दिसेल असा फोटो या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचा. एक मिनिट उशीर झाला तर जागा पुढच्या गटाला. फोटो कशाला, असं मुक्ताने विचारलं, तर तो म्हणाला, "मागच्या वर्षी एकाने इस्त्री आणली होती."

चार माणसं. मुक्ताला हसूच आलं. अकराशे माणसं हलवणाऱ्या बाईला चार माणसं जमवायची होती.

कुवेतच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने निरोप टाकला. पहिल्या तासात तेवीस जणांनी अंगठे दाखवले. सहा जणांनी "आम्ही सहकुटुंब" असं लिहिलं. एकाने विचारलं की तिथे आपलं जेवण मिळतं का. दुसऱ्याने विचारलं की बर्फ नसेल तर पैसे परत का. तिसऱ्याने कोणाच्यातरी वाढदिवसाचा केक टाकला, आणि पुढचे दोन दिवस सगळा ग्रुप त्या केकखाली गाडला गेला. शुक्रवारी मुक्ताच्या हॉलमध्ये मीटिंगला प्रत्यक्षात आले तिघे. पायपिंगवाले दीनानाथ बापट, त्यांची पत्नी सुचित्रा, आणि सलील.

दीनानाथराव पुण्याचे, वय अठ्ठावन्न, कुवेतमध्ये एकतीस वर्षं. सुचित्रावहिनी शांत, पण कामाचा प्रश्न नेमका विचारणाऱ्या. सलील एकोणतिशीचा, एकटा राहणारा, दंडावर टी-शर्ट फाटेल की काय असा. चौथा म्हणून आलोक सोफ्यावर होताच, पण त्याला मोजायची सोय नव्हती. येणार का म्हटलं की तो म्हणे, "बघू." लग्नाच्या वेळीही तो हेच म्हणाला होता, असा मुक्ताचा दावा आहे.

मुक्ताने टीव्हीवर नकाशा लावला.

"मी काय म्हणतो," दीनानाथराव म्हणाले. त्यांचं प्रत्येक वाक्य इथूनच सुरू होत असे. "ही पहिली झोपडी कशी आहे?"

"हट. छान आहे. लाकडाची, आत शेगडी, आठ पलंग."

"मग ती सोडायची कशाला?"

"दुसरीकडे जायचंय म्हणून."

"दुसरीत काय आहे?"

"शेगडी. आठ पलंग."

"म्हणजे तेच."

"तेच."

"म्हणजे आपण सामान लावायचं, अंथरुणं घालायची, जरा कुठे शेगडी ओळखीची व्हायला लागली की उठायचं आणि बर्फातून मरत मरत जाऊन तशाच झोपडीत परत तेच करायचं? अगं, सुट्टीला चाललोय की बदलीवर?"

"दीनानाथराव, मधलं जे आहे ना, ते करायला जातात माणसं!"

"मग मधलं करून पहिल्याच झोपडीत परत येऊ. मी काय म्हणतो, चांगली आहे ना ती?"

मुक्ता पाणी प्यायली. तेवढ्यात सुचित्रावहिनींनी विचारलं, "अंघोळ?"

"नाही."

"म्हणजे पाणी गार असतं?"

"पाणीच नसतं, वहिनी. बर्फ वितळवून प्यायचं."

"दोन दिवस?"

"दोन दिवस."

वहिनींनी क्षणभर विचार केला. "केसांचं मी आदल्या दिवशी उरकेन," त्या म्हणाल्या आणि तो विषय मिटला. मुक्ताला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"मुक्ताताई," सलील म्हणाला, "फार सोप्पं नाही ना पण? नवशिक्यांचं म्हणजे मला बोअर होईल. मी व्हिडिओ बघितलेत."

"बर्फ बघितलाय का?"

"फ्रीजमधला," आलोक मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. सलीलला राग आला, पण त्याच रागात त्याने नाव दिलं. तिघे आणि मुक्ता, झाले चार. मुक्ताने चारही नावं मोठ्या अक्षरात लिहिली. नावं लिहिली की माणसं नक्की होतात, अशी प्लॅनर लोकांची एक भाबडी समजूत असते.

मग सराव सुरू झाला. कुवेतमध्ये चढ शोधायचा म्हणजे मोठी पंचाईत. डोंगर नाही, टेकडी नाही, एखादा उड्डाणपूल आहे, पण तिथे पायी गेलं तर पोलीस विचारतात. तेव्हा मुक्ताच्या इमारतीचा जिना ठरला. रोज संध्याकाळी पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या, आणि आठ मजले वर, आठ मजले खाली, तीनदा.

इमारतीचा रखवालदार यूसुफ हा इजिप्तचा म्हातारा, अतिशय कामसू माणूस. पहिल्या दिवशी त्याने सामान घेऊन घामाघूम जिना चढणारी चार माणसं पाहिली आणि तो धावत पुढे आला. "मॅडम! लिफ्ट खराब?"

"नाही नाही, लिफ्ट ठीक आहे."

"लिफ्ट झेन?"

"मिया मिया," मुक्ता म्हणाली. शंभर टक्के उत्तम, असं सांगायची इथली रीत.

पण लिफ्ट शंभर टक्के उत्तम असताना शहाणी माणसं जिना कशाला चढतील? आपल्याला वाईट वाटू नये म्हणून मॅडम खोटं बोलतायत, असं यूसुफला वाटलं. दुसऱ्या दिवशीही माणसं जिन्यातच दिसली. तिसऱ्या दिवशी त्याने मालकाला कळवून मेकॅनिक बोलावला. मेकॅनिकला बिघाड सापडेना, तेव्हा तो शोधण्यासाठी त्याने लिफ्ट उघडली, आणि उघडल्यावर मात्र तिच्यात बिघाड निघाला. पुढचे तीन दिवस अख्खी इमारत भाज्यांच्या पिशव्या घेऊन जिना चढत होती, आणि सातव्या मजल्यावरच्या सफियाबी प्रत्येक मजल्यावर टेकून मुक्ताकडे बघत होत्या.

"तुमच्या बर्फापायी," त्या हिंदीत म्हणाल्या, "माझा घाम निघतोय."

दीनानाथराव चौथ्या मजल्यावर रोज बसत. तिथे कोणाच्यातरी दारात एक बाकडं होतं. "मी काय म्हणतो, ही आपली पहिली झोपडी समजू." पण बसून का होईना, ते रोज वरपर्यंत येत, हे मान्य करायला हवं. शुक्रवारच्या बाजारातून त्यांनी स्वतःला आणि वहिनींना जुनी जाड जॅकेटं घेतली होती. एक काळं, एक केशरी. ती घालून दोघांनी काढलेला फोटो त्यांनी ग्रुपवर टाकला. दोघांचेही चेहरे लाल झालेले होते, कारण फोटो स्वयंपाकघरात काढला होता.

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी सलीलचा फोन आला.

"मुक्ताताई, छोटासा इश्यू आहे."

मुक्ता रिफायनरीत अठरा वर्षं आहे. छोटासा इश्यू आहे असं कोणी म्हटलं की ती आधी खुर्ची ओढते. "बोल."

"रेसिडेन्सी संपतेय माझी. रिन्यूला दिलीय. पासपोर्ट मंदूबकडे आहे." रेसिडेन्सी म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि मंदूब म्हणजे कंपनीच्या वतीने सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणारा माणूस.

"मग कधी देणार तो?"

"बुक्रा."

बुक्रा म्हणजे उद्या. कुवेतमध्ये वीस वर्षं काढलेल्या कोणालाही ठाऊक असतं की हा उद्या सहसा उगवत नाही. "किती दिवस बुक्रा म्हणतोय तो?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे! आणि तू जिना चढत होतास?"

"व्यायाम झाला की पण," सलील म्हणाला.

मुक्ताने फोन ठेवला आणि ओट्यावरचे सगळे डबे एका रेषेत लावले. राग आला की ती डबे लावते. तिच्या तक्त्यात पर्यायी क्रेन होती, पर्यायी वेल्डर होता, पर्यायी जनरेटर होता. पर्यायी सलील नव्हता. महिनाभर या लोकांच्या मागे धावली होती ती. बूट घ्या, मोजे लोकरीचे घ्या, कॉटनचे नकोत, गुडघ्याला तेल लावा, आणि हे सगळं कशासाठी? आयुष्यात एकदा एका बाकावर चहाचा पेला घेऊन बसायचं होतं, एवढ्यासाठी. आणि ते बाक आता सलीलच्या मंदूबच्या खिशात होतं.

आलोक पाणी प्यायला आत आला. डबे एका रेषेत पाहून त्याने आल्या पावली परतायचा विचार केला, पण उशीर झाला होता.

"काय झालं?"

"सलील गेला. तिघंच उरलो. संपलं."

"चौघं लागतात ना?"

"हो."

"मग मी येतो की," आलोक म्हणाला आणि पाणी पिऊन निघून गेला.

मुक्ता हातात जिऱ्याचा डबा घेऊन उभी राहिली. महिनाभर "बघू, बघू" करून हा मनुष्य एका घोटात हो म्हणून गेला होता! आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या पाठोपाठ असा काही संताप आला की जिऱ्याचा डबा तिने साखरेच्या जागी ठेवला.

गुरुवारी साडेचार वाजता सगळे जमले. मुक्ताने टेबलावर वजनकाटा ठेवला होता. आखातातल्या प्रत्येक मराठी घरात देवघर असो नसो, सामान लटकवून वजन करायचा आकडेवाला काटा असतोच. बेल वाजली. दारात दीनानाथराव, सुचित्रावहिनी, पाठीवर दोन सॅक, आणि त्यांच्यामागे यूसुफ, दोन हातांत दोन प्रचंड बॅगा ओढत. बॅगांना नायलॉनची दोरी आवळलेली, वर रंगाने 'बापट पुणे' असं लिहिलेलं.

"हे काय?" मुक्ता म्हणाली.

"सामान," दीनानाथराव म्हणाले. "लाव काट्याला. सॅक सहा नव्वद, हिची सहा पंचाण्णव. बॅगा तीस-तीस. मी काय म्हणतो, एकशे एक टक्के नियमात आहे."

"दीनानाथराव, सात किलो म्हणजे एकूण सात किलो."

"हातातलं सात."

"पाठीवरचं सात! आणि बाकी काही नाही. ते विमान नाही, डोंगर आहे!"

"पण डोंगरापर्यंत विमानच जातं ना?"

मुक्ताने डोळे मिटले. मग सावकाश, एखाद्या नव्या वेल्डरला समजावतात तसं सांगितलं. "या बॅगा गावात राहणार. आपण वर. दोन रात्री. वर तुमच्याकडे फक्त सॅक असणार."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "मग सॅकमध्ये आहे की सगळं."

सॅक उघडल्या. दीनानाथरावांच्या सॅकमधून तीन लिटरचा कुकर निघाला. कुकरच्या आत तांदूळ, मुगाची डाळ, गोडा मसाला, हिंग. बाजूच्या कप्प्यात ब्लडप्रेशर मोजायचं मशीन. वहिनींच्या सॅकमधून दोन किलो डिंकाचे लाडू, थालीपिठाची भाजणी, तुपाची बरणी, लोणच्याची काचेची बरणी, आणि तीळगूळ, "त्या गाइडला द्यायला."

"आणि जॅकेट?" मुक्ताने विचारलं. "मोजे? टोप्या? हातमोजे?"

"ते त्या मोठ्या बॅगेत," दीनानाथराव म्हणाले. "कपडे कोणी हातातल्या सामानात घेतं का? खायचं हातात ठेवायचं, म्हणजे बॅग हरवली तरी उपाशी राहत नाही. एकतीस वर्षं असंच करतोय."

आणि ते खरंच होतं. त्यात गंमत नव्हती की हट्ट नव्हता. एकतीस वर्षं मुंबईच्या विमानात बसताना जे हाताला वळण लागलं, त्याच वळणाने हा मनुष्य बर्फात टी-शर्टवर, पाठीवर कुकर घेऊन निघाला होता. सात किलो ही मर्यादा असते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी ते भरून पुरं करायचं माप होतं. पाच नव्वद भरलं असतं तर त्यांना एक किलो फुकट गेल्याची हळहळ लागली असती.

"पाच वाजले," मुक्ता म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. हा आवाज ऐकून रिफायनरीत लोक हेल्मेट घालतात. "आलोक, तुझी आण."

आलोकने सॅक आणली. काट्याला लावली. दोन किलो शंभर ग्रॅम.

"वा!" दीनानाथराव म्हणाले. "आलोक, तू तर साधू निघालास."

मुक्ताला क्षणभर अभिमान वाटला. अदिबाच्या त्या फोटोतल्या सॅकपेक्षाही ही लहान! या माणसाला कळलं होतं, न सांगता कळलं होतं. तिने सॅक उघडली. आत एक टूथब्रश, एक बनियन, मोबाइलचा चार्जर, आणि अर्धा किलो खारे पिस्ते.

"आलोक, तुझे गरम कपडे?"

"तुझ्यात आहेत ना?"

"हातमोजे?"

"ते पण तूच घेतले असशील."

"गुडघ्याचा पट्टा? गोळ्या? टॉर्च?"

"अगं, तू घेतेसच की," आलोक अगदी प्रेमाने म्हणाला.

वहिनींनी एकदा आलोककडे पाहिलं, एकदा स्वतःच्या नवऱ्याकडे, आणि मग म्हणाल्या, "मुक्ता, तुझी लाव गं काट्याला."

मुक्ताने आपली सॅक उचलली. तिला त्या काट्याची भीती नव्हती. तिच्या यादीत प्रत्येक वस्तूसमोर ग्रॅम लिहिलेले होते आणि बेरीज सहा किलो होती. फक्त यादी झाल्यावर, कालपरवा, तिने एखाददुसरी गोष्ट आत सरकवली होती.

काट्यावर आकडा आला. अकरा किलो चारशे.

मुक्ताने काटा हलवून पाहिला. मग तिने सॅक सोफ्यावर उपडी केली. आलोकचे गरम कपडे, आलोकचा पट्टा, आलोकच्या ॲसिडिटीच्या गोळ्या. दीनानाथरावांच्या पाठीसाठी मलम, कारण ते विसरणार. वहिनींसाठी जादा मोजे, कारण त्या कॉटनचे आणणार. चार टॉर्च, कारण कोणीच आणणार नाही. आणि तिने महिनाभर खपून केलेलं तासातासाचं वेळापत्रक, प्रत्येकासाठी एकेक प्रत, अकरा पानं, पानाला प्लास्टिक चढवलेलं.

ती त्या ढिगाकडे बघत राहिली. चार हजार कामांच्या तक्त्यात एक क्रेन दोन ठिकाणी उभी असलेली तिला दिसली होती. इथे एकच बाई चार जणांच्या पाठीवर उभी होती, आणि ते तिला दिसलं नव्हतं. तिला राग आला, पण या वेळी तो कोणावर काढावा ते कळेना, कारण सॅक तिची होती आणि भरलीही तिनेच होती.

"पाच वीस," वहिनी म्हणाल्या. "सांग, काय करायचं?"

"काही सांगणार नाही," मुक्ता म्हणाली. "ज्याचं त्याने उचला."

हे वाक्य तिच्या तोंडून निघाल्यावर सगळ्यात जास्त दचकली ती स्वतः. पण हात हलले. आलोक मुकाट्याने सोफ्यापाशी आला आणि आपले कपडे शोधायला लागला. ते शोधताना हे आपलेच का, असं त्याने दोनदा विचारलं. दीनानाथरावांनी कुकर बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि एखाद्या जुन्या नोकराला निरोप द्यावा तसा त्याच्या झाकणावर हात फिरवला. वहिनींनी दोरी सोडायला वेळ न घालवता सुरीने कापली, केशरी जॅकेट काढलं, आणि लाडवांच्या डब्यातून चार लाडू एका पिशवीत बांधले. "चार चालतील?" त्यांनी विचारलं, आणि स्वतःच "चालतील" म्हणाल्या.

पाच चाळीसला वहिनींची सॅक सहा ऐंशी झाली. फोटो. आलोकची पाच नव्वद. फोटो. मुक्ताची, सगळ्यांचं ज्याचं त्याला दिल्यावर, चार किलो सहाशे. फोटो.

दीनानाथरावांची सात किलो तीनशे.

"काढा काहीतरी."

"काय काढू? जॅकेटच अडीच किलोचं आहे. बीपीचं मशीन काढू? मी काय म्हणतो, मी वर गेलो तर बीपी पण वर जाणारच."

"मशीन नाही काढायचं," मुक्ता म्हणाली. तिने सॅकमध्ये हात घातला. मोजे, टोपी, टॉर्च, मशीन, पाण्याची बाटली. आणि तळाशी तिचं वेळापत्रक, प्लास्टिक चढवलेलं. तिने ते हातात तोलून पाहिलं. किती तास कुठे थांबायचं, कुठे पाणी प्यायचं, दुसऱ्या हटमध्ये कोण कुठल्या पलंगावर झोपणार, सगळं त्यात होतं. तिने ते टेबलावर, कुकरच्या शेजारी ठेवलं.

सहा किलो नऊशे ऐंशी.

"अगं, पण आम्हाला कळणार कसं?" दीनानाथराव घाबरून म्हणाले.

"लेवान पुढे चालेल. आपण मागे."

पाच वाजून सत्तावन्न मिनिटांनी चार फोटो गेले. चौघेही मोबाइलभोवती उभे राहिले. सहा वाजून एक मिनिटाने उत्तर आलं. "छान. चार जण नक्की. मोजे कॉटनचे नकोत."

सुचित्रावहिनींनी टाळी वाजवली. दीनानाथरावांनी यूसुफला हाक मारून बॅगा परत खाली न्यायला सांगितलं, आणि त्याच्या खिशात बळेच दोन लाडू कोंबले. चहा झाला. टेबलावर दीड किलोच्यावर लाडू उरले होते, आणि ते परत न्यायची कोणाची तयारी नव्हती.

मुक्ताने आपली सॅक पाठीवर चढवली, पट्टा आवळला आणि हॉलमधून एक फेरी मारली. मग दुसरी. चार किलो सहाशे. पाठीवर काहीच नसल्यासारखं वाटत होतं. तिला जरा पुढे झुकून चालायची सवय होती, ती आता उगाचच झुकत होती.

"मुक्ता," आतून आलोकने हाक मारली. "माझी लोकरी टोपी कुठंय गं?"

कपाटाच्या तिसऱ्या खणात, उजवीकडे, जुन्या मफलरखाली. मागच्या हिवाळ्यात तिनेच ठेवली होती. उत्तर तिच्या ओठांपर्यंत आलं. सुचित्रावहिनी लाडू हातात धरून तिच्याकडे बघत होत्या. दीनानाथराव बघत होते.

आत पहिला खण उघडल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

"मुक्ता? ऐकू येतंय का?"

मुक्ताने सॅकसकट सोफ्याच्या कडेवर बैठक मारली, चहाचा कप उचलला आणि अख्खा लाडू तोंडात घातला.